उष्णता झाली म्हणे काजळीला

मित्रांनो, मला जुना गळपट्टा म्हणतात, पण माझं वय अवघं दोन वर्षं आहे. मी घुंगरांचा पट्टा नव्हे हं! माझ्या पोटात चिप आहे, बॅटरी आहे. गाय किती फिरली, किती वेळ रवंथ केला, हे सारं मी मोजतो आणि मालकाच्या मोबाईलवर कळवतो.

माझा जन्म उदगीरला एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. दीपमाला नावाच्या इंजिनिअर मुलीने मला घडवलं. चिप बाहेरून यायची, पट्टे तिथेच चार बाया शिवायच्या. "माणसांच्या मनगटावर पट्टे आले, आता जनावरांच्या गळ्यात येतील. आपल्यासारख्यांना लई वाव हाय बघा," असं ती त्यांना सांगायची. मागणी खरंच वाढत गेली. पाचशे पट्ट्यांची ऑर्डर आली तेव्हा शेडमध्ये पेढे वाटले. त्या घाईत एक काम राहून गेलं. मोबाईलवर जाणारे संदेश इंग्रजीत होते. दीपमालाने त्यांचं मराठी मोबाईलकडूनच करून घेतलं आणि ते वाचून काही पाहिलं नाही.

मला देवणीजवळच्या खेड्यातल्या ग्यानोबा आणि कस्तुराबाई या नवरा-बायकोने घेतलं. त्यांची एकच गाय, काजळी. अंग पांढरंशुभ्र आणि तोंड तेवढं काळं. ती गाभण राहिली तर घरात दूध येणार होतं. नाहीतर भाकड गाय पोसण्याइतका चारा त्यांच्याकडे नव्हता. ग्यानोबांना माझं भारी कौतुक. येईल त्याला दाखवायचे, "आमच्या गाईला घड्याळ हाय!" मीही फुगून जायचो.

महिन्याभरात काजळी माजावर आली, म्हणजे तिला वळूकडे नेण्याची वेळ झाली. मी ते अचूक ओळखलं आणि लगेच कळवलं. पण मोबाईलवर अक्षरं उमटली, 'गाईची उष्णता वाढली आहे.' इंग्रजीत माजाला आणि उष्णतेला 'हीट' हा एकच शब्द आहे म्हणे. आता काय बोलावं!

"उष्णता झालीय तिला," ग्यानोबा म्हणाले. "ताक पाज, अंगावर वलं पोतं टाक."

"आवं, माजावर हाय ती. सकाळधरनं हंबरून राहिली, दिसंना का तुमाला?" कस्तुराबाई कळवळून म्हणाल्या.

"तुला लई कळतं! पट्टा काय खोटं बोलतो?"

मी खोटं बोललो नव्हतो हो! पण मला तोंड कुठे होतं? दर एकवीस दिवसांनी मी जीव तोडून कळवायचो आणि दर वेळी बिचारीच्या अंगावर ओलं पोतं पडायचं. असं चारदा झालं. चौथ्या वेळी कस्तुराबाईंनी आपणहूनच पोतं भिजवून आणलं.

"भाकड निघाली," असं म्हणून ग्यानोबांनी तिला हाळीच्या गुरांच्या बाजारात विकायला नेलं. टेम्पोत चढताना तिने पाय रोवले. गाय रवंथ करत नाही, असं मी कळवलं, पण मोबाईल त्यांच्या खिशातच राहिला. बाजारात माझं बक्कल सोडलं, तेव्हा काजळीने मान वळवून पाहिलं. मला फार वाईट वाटलं.

ग्यानोबांनी मला शेडवर परत दिलं. दीपमालाने माझे जुने संदेश उघडले आणि तिचा चेहराच उतरला. त्याच दिवशी ती गावी गेली.

"मावशी, चारही वेळा माजच होता. शब्द माझा चुकला."

"मी सांगत व्हते गं," कस्तुराबाई एवढंच म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत आत गेल्या. ग्यानोबा मान खाली घालून बसले. दुसऱ्या दिवशी दोघं बाजारात विचारून आले. काजळीला कोणी, कुठे नेलं, ते कुणालाच सांगता आलं नाही.

दीपमालाने तो शब्द बदलला. त्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. आता पट्टे नांदेडपर्यंत जातात, शेडमध्ये बाया वाढल्या आहेत. मला मात्र तिने खोक्यात ठेवलंय, पुन्हा कुणाच्या गळ्यात बांधलं नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी असली यंत्रं करील, कुणी विकत घेईल. खुशाल करा, घ्या. पण गोठ्यात उभ्या असलेल्या बाईला आधी विचारा. ती काही सांगत असेल, तर माझ्याकडे बघून तिला गप्प बसवू नका.