उन्हातली बादली

पिउराच्या किनाऱ्यावरच्या त्या धक्क्यावर ओर्तेन्सियाचा शब्द पाद्रीबाबांच्या शब्दाहून जड होता. रोज सकाळी रबरी बादलीने समुद्राचं पाणी ओढायचं, थर्मामीटर बुडवायचा, खांबावरच्या पट्टीवर पाणी कुठवर चढलंय ते पाहायचं आणि आकडे लीमाला कळवायचे, हे तिचं काम. एल निन्यो आला की नाही ते लीमाचे साहेब ठरवणार. पण बंदराला तेवढा धीर कुठला? पाणी तापलं की आंचोवी मासळी पळते, कोळंबी येते, आणि जाळं वेळेत बदलणारा तरतो.

महिनाभर आकडा चढत होता. ‘‘तापतोय,’’ असं ओर्तेन्सिया दबक्या आवाजात म्हणाली, तेही चारचौघांना ऐकू जाईल इतक्याच दबक्या. तेव्हापासून चर्चमध्ये तिला पुढच्या बाकावर जागा मिळू लागली. पट्टीवरचं पाणी मात्र बोटभरही चढलं नव्हतं. गरम समुद्र फुगतो, हे तिला पाठ होतं. पण पुढचा बाक मऊ होता.

आज धक्क्यावरची फिदेलाची कॉफीची टपरी बंद होती. गप्पांना कोणी नाही म्हणून ओर्तेन्सियाने पाणी ओढल्या ओढल्या थर्मामीटर बुडवला. कालच्यापेक्षा चार अंश कमी! पुन्हा ओढलं. तेच. तिने टपरीच्या पत्र्यापुढची जागा पाहिली. महिनाभर बादली तिथेच उन्हात ठेवून ती कॉफी पीत, रोज थोडा अधिक वेळ साऱ्या गावाची उणीदुणी काढत बसली होती. मग उठून आकडा वाचायचा. तिचे कान तापले.

आणि आज तर निकानोर आपलं आंचोवीचं जाळं देऊन सेचुराच्या माणसाकडून कोळंबीचं घेणार होता! त्याच्या लेकीची ती धर्ममाता; त्या नात्याने तो तिला कोमाद्रे म्हणे आणि ती त्याला कोम्पाद्रे. ती वाळूतून धावली.

‘‘थांब, कोम्पाद्रे! जाळं देऊ नकोस. थर्मामीटर बिघडलाय.’’

निकानोरने जाळं खाली टाकलं. ‘‘बघा! सरकारी माल! बिचारी माझी कोमाद्रे रोज उठून जाते आणि हे तिच्या हातात खेळणं देतात. चला रे, लीमाला तक्रार करू. पहिला अंगठा माझा!’’

माणसं जमली. जो तो तिची कीव करू लागला. सेचुराचा माणूससुद्धा हळहळला. तेवढं तिला सोसेना.

‘‘थर्मामीटर चांगला आहे,’’ ती वाळूकडे पाहत म्हणाली. ‘‘बादली उन्हात असायची. मी गप्पा मारत असायचे.’’

सेचुरावाला खो खो हसला. ‘‘म्हणजे एल निन्यो कॉफीच्या कपातून आला म्हणा की!’’

सगळे हसले. निकानोर हसला नाही. त्याने जाळं खांद्यावर घेतलं आणि होडीकडे चालू लागला. दुपारी होडी आंचोवीने भरून आली, पण ओर्तेन्सियाच्या घरी कोणी मासळी पाठवली नाही.

दुसऱ्या सकाळी ती धक्क्यावर आली तर निकानोर आधीच उभा. तिने बादली वर घेतली, तशी त्याने आपली टोपी काढून पाण्यावर सावली धरली.

‘‘वाचा, सेन्योरा,’’ तो परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाला.

आजवर त्याने तिला कोमाद्रेखेरीज दुसरी हाक मारली नव्हती. तिने आकडा वाचला. पाणी थंडच होतं.