खळ्यावरचा फळा

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, पण ओळखलं नसेल. शाळेच्या मागच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या आडोशाला, भिंतीकडे तोंड करून उभा केलेला जुना फळा तो मी. माझ्या एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे आणि मधोमध चीर गेली आहे. पावसाळ्यात खिडकीतून पाणी आत यायला लागलं की मला तिथे नेऊन टेकवतात, आणि पाऊस उघडला की पुन्हा इथे आणून ठेवतात. बाकी वर्षभर माझी आठवण कुणाला येत नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि तीच तुम्हाला सांगायची आहे.

मी जातीचा फणस. भोर संस्थानाच्या काळात, राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणी नदीकाठच्या एका गावात, भैरोबाच्या देवळाच्या ओवरीत शाळा भरत असे. तिथे पाचवी, सहावी, सातवी असे वरचे वर्ग सुरू झाले, तेव्हा वादळात पडलेल्या फणसाच्या फळ्या जोडून सोनबा सुताराने मला घडवलं. चौकटीत असं बसवलं की उलटवलं की माझी दुसरी बाजू समोर यावी. दर शनिवारी मुलं माझ्या अंगाला कोळशाची पूड आणि पाल्याचा रस चोळत. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होत आणि घरी गेल्यावर आयांची बोलणी खावी लागत. मला मात्र सणासुदीला न्हाऊ घातल्यासारखं वाटे.

तिन्ही वर्गांना मिळून मास्तर एकच. केशवराव त्यांचं नाव. भोरचे, तरुण, अंगाने काटकुळे आणि आवाजाने खणखणीत. एकटा माणूस आणि तीन वर्ग, त्यामुळे माझ्यावर नुसती झुंबड उडायची. पाचवीच्या नद्या, सहावीचे अपूर्णांक, सातवीच्या विभक्ती, सगळं दाटीवाटीने लिहिलेलं. गंगेच्या मुखापाशी तीन अष्टमांश येऊन बसायचे आणि षष्ठीच्या प्रत्ययांच्या डोक्यावर हिवतापाच्या धड्यातला डास. मोडीची वळणं असत, पानिपतची सनावळी असे, मिठाच्या पाण्यात भाताचं बी घालून पोचट दाणे कसे वेगळे काढायचे तेही असे. एवढं शिकून मीसुद्धा पास झालो असतो, पण मला परीक्षेला कोण बसवणार?

सातवीत तिघंच होती. दोन मुलगे आणि सगुणा. तिचा बाप चिमाजी भातशेती करायचा. त्याचं घर आणि खळं देवळापासून हाकेच्या अंतरावर. त्या काळी मुलगी सातवीपर्यंत शिकते हेच नवल होतं. चिमाजीची पोर आता मामलेदार होणार वाटतं, असं लोक चावडीवर त्याला चिडवायचे. तो हसून तंबाखू मळत बसायचा. सगुणाचं अक्षर असं की केशवराव स्वतः न लिहिता तिच्याकडूनच माझ्यावर धडा लिहवून घेत. खडू न दाबता लिहायची ती. इतरांनी मला टोचलं, ओरखडलं, पण तिच्या हाताचा मला कधी त्रास झाला नाही.

चैत्रात भोरला सातवीची परीक्षा होती. ती पास झाली की सगुणाला मास्तरीण म्हणून नेमता येणार होतं. बाई शिकवायला असेल तर आम्ही पोरी पाठवू, असं आसपासच्या वाड्यांवरचे लोक म्हणत असत. त्यामुळे सगुणाची परीक्षा ही एकट्या सगुणाची राहिली नव्हती. केशवरावांनी तिच्यावर जीव तोडून मेहनत घेतली होती. माझाही त्यात थोडा वाटा आहे असं मी मनात धरून होतो.

मार्गशीर्षात भाताची झोडणी झाली. पुस्तकातली मापं मुलांच्या डोक्यात शिरेनात, म्हणून केशवरावांनी ठरवलं की हिशेब खळ्यावरच शिकवायचा. दोन पोरांनी मला चौकटीसकट उचललं आणि चिमाजीच्या खळ्यावर नेऊन उभं केलं. उघड्यावर, उन्हात, भाताच्या राशीशेजारी मी पहिल्यांदाच उभा होतो. सगुणाची आई रतनबाई पाखडत होती. सगुणाचा धाकटा भाऊ भिमा पेंढ्यावर लोळत होता. सगळ्या मुलांना फार मजा वाटत होती.

चिमाजीने पायली भरली. तो ओतणार आणि सगुणाने मोठ्याने मोजायचं, असं ठरलं होतं. पहिली पायली पडली आणि सगुणा म्हणाली, "लाभ."

आमच्या खोऱ्यात खळ्यावरचं पहिलं माप टाकताना एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात, आणि मग दोन, तीन असं पुढे जातात. एक म्हणजे एकटं, एकुलतं. घरात येणाऱ्या धान्याला तसं म्हणू नये, अशी चाल. केशवरावांना ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण समोर वर्ग बसला होता, परीक्षा चार महिन्यांवर आली होती. लाभ हा काही आकडा नव्हे, परीक्षेत असं म्हणालीस तर साहेब हसतील, एक म्हण, असं ते तिला म्हणाले.

सगुणाने बापाकडे पाहिलं. रतनबाईचं सूप थांबलं. चिमाजी क्षणभर घुटमळला, मग म्हणाला, "म्हण की. मास्तर सांगत्यात."

ती "एक" म्हणाली, पण इतकं हळू की मागच्या पोरांना ऐकूच गेलं नाही. केशवरावांनी तिला पुन्हा मोठ्याने म्हणायला लावलं आणि माझ्यावर ठसठशीत एक काढला. भिमाला त्या शब्दाची मौज वाटली. तो राशीभोवती एक, एक करत नाचत सुटला आणि सगळी शाळा हसली. रतनबाई तेवढी हसली नाही.

पौषात भिमाला हिवताप आला. केशवराव स्वतः वेल्ह्याच्या दवाखान्यातून औषध घेऊन आले आणि शाळेतच सगुणाच्या हातात दिलं. डासाचा धडा तिने आपल्या हाताने माझ्यावर उतरवलेला होता, त्यामुळे काय करायचं ते तिला माहीत होतं. तिने सगळं केलं. घरच्यांनी देवऋषीही आणला. पोर राहिलं नाही.

सगुणा शाळेत येईनाशी झाली. सुतक फिटल्यावर येईल, असं केशवराव म्हणाले. सुतक फिटलं तरी आली नाही. मग पोरांनी गावातली कुजबूज शाळेत आणली. रतनबाई लेकीला म्हणाली होती, खळ्यावर एक म्हणलीस आणि घरात एकच ठेवलंस. ते ऐकलं तेव्हा केशवराव माझ्यावर लिहीत होते. हातातला खडू मोडला. त्यांनी उरलेला धडा लिहिलाच नाही.

तेव्हापासून रोज ते पोरांबरोबर निरोप धाडत. सगुणाला पाठवा, परीक्षा जवळ आली. स्वतः मात्र गेले नाहीत. शाळा सुटल्यावर उपरणं खांद्यावर टाकत, ओवरीच्या पायरीपर्यंत जात, आणि परत येऊन बसत. उद्या जाऊन येतो, असं स्वतःशीच पुटपुटत. घर हाकेच्या अंतरावर होतं, मित्रांनो. मला पाय असते तर मी गेलो असतो.

फाल्गुनात एके सकाळी चिमाजीच आला. धडुत्यात बांधलेली सगुणाची पुस्तकं त्याने मास्तरांपुढे ठेवली. केशवरावांनी पोरांना बाहेर खेळायला पाठवलं. चिमाजी भांडायला आला आहे असं मला वाटलं, पण तो शांत होता.

"मास्तर, तुमी आलाच न्हाई," तो म्हणाला.

केशवराव खाली मान घालून म्हणाले की कोणत्या तोंडाने येणार होतो.

"एक म्हणल्यानं कुणी जात न्हाई, येवढं मला कळतंय. पर तिच्या आयनं ते मनात धरलं, आन् पोरीनंबी. म्या सांगून ऐकंनात. म्हणलं, मास्तर समाचाराला येतील, त्यांचं तरी ऐकतील. रोज वाटंकडं डोळं लावून बसलो."

केशवराव तसेच उठले. आत्ता येतो म्हणाले, रतनबाईंच्या पाया पडतो म्हणाले. चिमाजीने त्यांना हाताने थांबवलं.

"आता सुपारी फुटली. पासली गावाला दिली. वैशाखात लगीन हाय."

मग परीक्षा तरी देऊ दे, असं मास्तर अजीजीने म्हणाले. परीक्षा चैत्रात आहे, लग्नाआधी होऊन जाईल.

"तीच नगं म्हणती," चिमाजी म्हणाला. "पाटी हातात घेती आन् तशीच खाली ठेवती."

तो गेल्यावर केशवरावांनी पुस्तकांचं धडुतं उचलून कोनाड्यात ठेवलं. परीक्षेला ते दोन मुलगे गेले. त्यांतला एक पास झाला, पण त्याचा कुणी गाजावाजा केला नाही. वाड्यांवरच्या पोरी घरीच राहिल्या. पुढच्या वर्षी मुलं कमी भरली म्हणून वरचे वर्ग बंद झाले आणि केशवरावांची बदली झाली. त्यांच्यामागे मी चौथीपर्यंतच्या बाराखड्या आणि पाढे अंगावर घेत दिवस काढले. नंतर शाळेला स्वतःची इमारत झाली, तिच्या भिंतीतच फळा बसवला आणि मी दारामागे जाऊन पडलो.

दारामागूनच मी सगुणाला पुन्हा पाहिलं. दुसरं महायुद्ध चालू होतं, रॉकेल मिळत नव्हतं, खडूही जपून वापरायचे दिवस होते. चिमाजी आता वाकला होता. त्याच्या बोटाला धरून सगुणाचा मुलगा आला होता आणि मागे ती, डोक्यावर पदर घेतलेली. म्हाताऱ्यांना घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिने पोराला आजोळी ठेवायचं ठरवलं होतं. नवे मास्तर तरुण आणि घाईचे. त्यांनी पोराचं नाव विचारलं आणि सवयीने शाईची डबी तिच्यापुढे सरकवली. अंगठा करा, म्हणाले.

चिमाजी म्हणाला, "मास्तर, हिला लिवता येतं. सातवीपावतर शिकलीया."

मास्तरांनी चकित होऊन टाक तिच्या हातात दिला. तिने तो धरला. बोटं बरोबर धरली होती, मी ओळखली ती पकड. माझ्या त्या किडक्या लाकडात जीव आल्यासारखा झाला. लिही, सगुणा, एवढंच मी मनात म्हणत होतो. टाकाचं टोक कागदाला टेकलं, पण पुढे सरकलं नाही.

तिने टाक खाली ठेवला आणि शाईत अंगठा बुडवला.

"न्हाई बाबा," ती चिमाजीला म्हणाली, "आता न्हाई येत."

चिमाजीने तोंड फिरवलं. नव्या मास्तरांनी कागदावर फुंकर घातली आणि पुढच्या पोराचं नाव विचारलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. मला ना रंग हवा, ना उजेडाची जागा. वाळवीने मला खाल्लं तरी माझी हरकत नाही. पण तुमच्या वर्गात एखाद्याची जागा रिकामी दिसली तर निरोप धाडू नका. त्याच्या घरी स्वतः जा. काय बोलायचं ते सुचत नसेल तर नुसते जाऊन बसा, पण उद्या जाऊ म्हणू नका.