सगळ्याला हो म्हणणारी जोडणी

पाक दर्सोनो, म्हणजे दर्सोनोकाका, आमच्या ऑफिसातले सगळ्यांत जुने प्रोग्रामर. त्यांनी कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. इंडोनेशियात, या योग्याकार्तात आम्ही सगळेच तसे, पण ते जरा अतीच. त्यांनी लिहिलेला प्रोग्रामही त्यांच्याच वळणावर गेला होता.

हा प्रोग्राम म्हणजे एक जोडणी. ती आमच्या डेटाबेसला एका रुग्णालयाच्या डेटाबेसशी जोडते. जोडताना काही पर्याय द्यायचे असतात. त्यातला एक दिला की तिकडचं फक्त वाचता येतं, पुसता येत नाही. डेटाबेसमध्ये एरवी पर्यायांची नावं कॅपिटलमध्ये लिहा की लहान अक्षरांत, चालून जातं. या जोडणीला मात्र लहानच लागतात. नव्याने रुजू झालेल्या रेत्नानिंगने सवयीने त्याच पर्यायाचं पहिलं अक्षर कॅपिटल घातलं. जोडणीने चूक दाखवली नाही. न ओळखलेला पर्याय गुपचूप बाजूला टाकून ती कामाला लागली. आता काही पुसलं जाणार नाही या भरवशावर रेत्नानिंगने चाचणी म्हणून नोंदी पुसून पाहिल्या, आणि रुग्णांच्या डायलिसिसच्या खऱ्या वेळा पुसल्या गेल्या. दुपारपर्यंत आम्ही त्या परत आणल्या, पण तोवर रुग्णालयाच्या पायऱ्यांवर माणसं ताटकळत बसली होती. मला त्या प्रोग्रामचा मनापासून राग आला.

बू हार्तिनी, म्हणजे हार्तिनीबाई, आमच्या साहेब. त्यांनी सगळ्यांना बोलावलं. चहा आला, सोयाबीनचं तळलेलं तेम्पे आलं, घरच्यांची चौकशी झाली. मग त्यांनी रेत्नानिंगला शांतपणे विचारलं, चूक तुझी ना? ती "हो, बू" म्हणाली. मोठ्यांपुढे दुसरं काय म्हणणार? उद्यापासून येऊ नकोस हेही बू तितक्याच गोड आवाजात सांगणार, हे आम्हाला दिसत होतं.

"नाही," पाक दर्सोनो म्हणाले.

तेम्पेकडे गेलेला माझा हात थांबला.

"चूक माझी. नाव ओळखीचं नसेल तर जोडणीने तिथेच अडवायला हवं होतं. चारचौघांत कुणाला ओशाळं वाटू नये म्हणून मी ते मुद्दाम काढून टाकलं."

"मग ही हो का म्हणाली?"

"मीच शिकवलं, बू. दोघींना, हिलाही आणि त्या जोडणीलाही."

तिची नोकरी वाचली. दुरुस्तीही रेत्नानिंगकडेच आली. आता चुकीचं नाव दिलं की जोडणी थांबते आणि सांगते, "असा पर्याय नाही." पाक तिच्या खुर्चीमागे उभे राहून ते वाक्य बराच वेळ वाचत होते. मग हळूच म्हणाले, "जरा मवाळ करता येईल का, पोरी?"

तिने स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"नाही, पाक."