पेकसुओचा खण

मी खण बोलतोय. कोरियातल्या जेचॉनच्या औषधबाजारात प्यो मुनसिकचं दुकान आहे ना, तिथल्या भिंतभर कपाटात खालून तिसऱ्या ओळीतला. माझ्या कपाळावर ‘पेकसुओ’ लिहिलंय. अशक्त बायकांना काढ्यासाठी देतात ते पांढरं मूळ.

मुनसिकच्या लग्नाच्या वर्षी सुताराने मला घडवलं. जुनी सोबत, म्हणून एकेरीत बोलतो. तेव्हा तो स्वतः डोंगरावरून मुळं खणून आणायचा. काय दिवस होते ते! गिऱ्हाइकासमोर एक तुकडा दाताखाली धरायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “हाच!” त्या जिभेवर अख्ख्या बाजाराचा भरवसा.

पुढे त्याचे गुडघे गेले. मुळं व्यापाऱ्याकडून येऊ लागली आणि त्याच नावाने, हुबेहूब तशीच दिसणारी भलती मुळंही त्यांत शिरली. मुनसिक चाखून “हाच!” म्हणतच राहिला. घरी मात्र किमची अळणी लागते म्हणून रोज कुरकुर. बायको मुकाट्याने मीठ वाढवायची. थोरल्या माणसाला ‘तुमची चव गेली’ असं सांगणार कोण?

त्याची मुलगी हेवॉन प्रयोगशाळेत काम करते. मुळाच्या डीएनएमधल्या खुणा पाहून सारख्या दिसणाऱ्या वनस्पती वेगळ्या ओळखते. सणाला आली आणि माझ्यातले दहा तुकडे उचलू लागली.

“बापाची जीभ तपासतेस होय गं?”

“जीभ नाही बाबा, मूळ.”

“ने, ने! तुझ्या यंत्राला म्हणावं, आधी डोंगर चढून दाखव.”

निकाल घेऊन ती परत आली. दहातले सात तुकडे भलत्याच मुळाचे. मुनसिक काठी टेकत दारोदार फिरला आणि दिलेल्या पुड्या परत घेऊन आला.

“अहो, विष तर नव्हतं ना?” शेजारच्या कुम्सून काकूंनी विचारलं.

“नव्हतं. पण औषधही नव्हतं. चुकलो मी.”

दुकानात येऊन त्याने मुलीला एवढंच विचारलं, “हेवॉन, जन्मभर मी लोकांना फसवलंच का गं?”

तिने मला उपडं केलं आणि तळाच्या फटींत दडपून बसलेली, त्याच्या डोंगर चढण्याच्या दिवसांतली चिमूटभर जुनी भुकटी सुईने कोरून नेली.

महिन्याने तिचा फोन आला. “बाबा, जुनी भुकटी सगळी पेकसुओचीच निघाली. दुसऱ्या मुळाची खूणसुद्धा नाही.”

मुनसिक मला पोटाशी धरून हमसाहमशी रडला.

आता मी रिकामा असतो. मुळं तपासून, शिक्का मारून पिशव्यांतून येतात, आणि ते बरंच आहे. माझं मागणं एवढंच की, साफसफाई काढाल तेव्हा मला वरवर पुसा, पण फटी घासू नका. म्हाताऱ्याच्या बाजूने साक्ष द्यायला तेवढंच उरलंय.