तंबोऱ्याच्या हाताचा बेस

मौला तंबोरेवाल्यांनी आयुष्यात एकच डबल बेस घडवला, आणि त्यात एक चूक केली.

व्हायोलिनच्या घाटाचे, पण माणसाहून उंच असे ते वाद्य त्यांनी मुलासाठी, दानिशसाठी, मिरजेतल्या आपल्या कारखान्यात, दोन वर्षे खपून, तुनाच्या लाकडातून उभे केले. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा बेसमध्ये निमुळता हवा. पण मौलांच्या कानशीला चाळीस वर्षे तंबोऱ्याची रुंद घोडीच ठाऊक. तिच्यावर जवारी काढायची, म्हणजे छेडलेली तार घोडीला किंचित घासत, गुंजत राहते. हात सवयीने चालला. दानिशने चूक दाखवली तेव्हा ते ओशाळून हसले होते.

"ऱ्हाऊ दे रं. तार मुकी नगं."

रमजानच्या आधी ते गेले. घोडी तशीच राहिली.

आता दानिशला अॅम्प, म्हणजे वाद्याचा आवाज मोठा करणारा स्पीकर, हवा होता. कराडच्या महामार्गालगतच्या एका हॉटेलात ऋषिराजच्या बँडबरोबर दर शनिवारी वाजवायचे काम मिळाले होते; मात्र ड्रमपुढे बेस ऐकू येत नसे, आणि अॅम्पशिवाय येऊ नकोस, असे ऋषिराजने स्पष्ट सांगितले होते. असा अॅम्प आपल्या वाद्याला जोडून ऐकल्याशिवाय घ्यायचा नसतो. म्हणून दोघे बेस टेम्पोत आडवा घालून सांगलीला उदयसिंहांच्या दुकानात आले.

उदयसिंहांनी घोडीला तारेची थरथर टिपणारा नाण्याएवढा पिकअप चिकटवला, वायर जोडली. पहिल्या अॅम्पमधून सगळे जसेच्या तसे आले: लाकूड, बोटाचे कातडे, आणि त्यामागून ते गुंजन, शेजारच्या खोलीत कुणी स्वतःशीच बोलत असावे तसे. दानिशचा हात तारेवरच थांबला. मग त्याने किंमत विचारली, आणि वायर स्वतःच काढली.

दुसरा अॅम्प वापरलेला, परवडणारा. त्यातून जवारी पत्र्यावर सांडलेल्या खिळ्यांसारखी खडखडली.

"गड्या, बेस हाय का पिठाची गिरण?" ऋषिराज म्हणाला.

"घोडीत दोष हाय," उदयसिंह म्हणाले. "वरनं कानस मारा. दोन मिन्टाचं काम."

"न्हाई." दानिशने घोडीवर तळहात ठेवला. "तिला हात लावायचा न्हाई."

"बरं, मग ह्ये ऐका." उदयसिंहांनी ट्रेबलची, म्हणजे आवाजातली वरची धार कमी-जास्त करणारी, कळ शून्यावर आणली. खडखड मिटली. उरला तो जाड, गोल, सभ्य आवाज. कुणाच्याही बेसचा असावा असा.

"आरं, लय भारी! ह्योच घे."

दानिशने तोच घेतला. घोडी तर वाचली, असे परतीच्या वाटेवर त्याने स्वतःला दोनदा सांगितले.

घरी येऊन त्याने कारखान्यात अॅम्प लावला. त्याची आई रशीदा आत तांदूळ निवडत होती. सूप हातात घेऊनच ती दारात आली.

"कोण आलंय वाजवायला?"

"मीच हाय, अम्मी."

तिने कारखान्यात नजर फिरवली. भिंतीला टांगलेले भोपळे, कानशी, रिकामा पाट. "मला वाटलं, दुसरंच कोण."

त्याने वायर काढली आणि नुसता बेस छेडला. सूप खाली ठेवून रशीदा जवळ आली. तिने वाद्याच्या पाठीला तळहात लावला, मग गाल. तार विझेपर्यंत ती हलली नाही.

"ह्ये त्यांचं," ती म्हणाली. सूप उचलत तिने विचारले, "तिकडं कराडला बी आसंच वाजंल न्हवं? लोकांस्नी ऐकू जाईल?"

"व्हय, अम्मी. लय लांबवर."

शनिवारी संध्याकाळी हॉटेल भरले होते. दुसऱ्या गाण्यानंतर दानिशने वाकून कळ शून्यावरून जराशी पुढे सरकवली. पहिल्याच सुराला खडखड उठली, आणि समोरच्या टेबलावरच्या बाईने कपाळाला आठी घातली. ऋषिराजने गाता गाता मान वळवली. दानिशने कळ मागे नेली.

टाळ्या पडल्या. बेस बरगडीला टेकून होता, आणि तिथे, कापडाआडून, अब्बांची तार अजून गुंजताना त्याला जाणवत होती. मग ड्रम सुरू झाले, आणि तेही जाणवेनासे झाले.