तोंड दिसू द्या

माझे आबा बहिरे आहेत, आणि हे सिद्ध करायला आमच्याकडे शुक्रवारची चाळीस मिनिटं उरली होती.

कान तपासणारा माणूस त्या सरकारी दवाखान्यात फक्त शुक्रवारी येतो आणि एकला जातो. त्याच्यापर्यंत जायला खिडकीवरची चिठ्ठी लागते. सोमवारपर्यंत बहिरेपणाचा दाखला जोडला नाही, तर उधन्याच्या शाळेतली शिपायाची राखीव जागा गेली. त्या शिपायाला घंटा वाजवायची असते. ती जागा बहिऱ्यासाठी कोणी राखली देव जाणे, पण आम्ही कशाला विचारू?

खिडकीत भूपेंद्रभाई होते. अर्ज वाचला, आबांकडे पाहिलं.

"काका, नाम शुं?"

"दगा धुडकू पाटील," आबा म्हणाले.

"केटला वरस लूम चलाव्या?"

"एकतीस."

"चा पीधी?"

"दोनदा."

भूपेंद्रभाईंनी अर्ज परत सरकवला. "आ तो बधुं सांभळे छे. नेक्स्ट!" म्हणजे, यांना तर सगळं ऐकू येतं.

आता हे त्यांना कसं सांगायचं? लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणतात त्या शेडमध्ये, दोनशे मशीन एकदम धडधडतात. तिथं कोणी कोणाचं ऐकत नाही, तोंड बघतात. एकतीस वर्षांत आबांचे कान गेले आणि डोळे शिकले. त्यांना ओठांवरून चार भाषा येतात. त्यातली उडिया फक्त शिव्यांपुरती. घरी आई पाठमोरी असली की ते बहिरे, वळली की त्यांना नको तेवढं ऐकू येतं.

मी हे सगळं सांगितलं. भूपेंद्रभाईंनी पंख्याकडे पाहिलं. बारा वाजून एकतीस.

मग मी फोन काढला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. "चिठ्ठी का देत नाही, ते कॅमेऱ्यात सांगा."

"फोन बंध कर! मनाई छे!"

"कुठं लिहिलंय?"

त्यांनी ताडकन मागच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर लिहिलं होतं, थुंकू नये.

"मी थुंकत नाहीये," मी म्हणालो. "तुम्ही सरकारी, खिडकी सरकारी, आणि काम माझ्या बापाचं. मी आमचंच बोलणं टिपतोय."

रांगेतल्या कलाबाई म्हणाल्या, "टिप रे भाऊ टिप. मी तिसऱ्यांदा आली."

पण माझ्या व्हिडिओत काय टिपलं जाणार होतं? भूपेंद्रभाई पुन्हा विचारणार, आबा फटाफट उत्तरं देणार. एवढा भक्कम पुरावा, आणि तो सगळा त्यांच्या बाजूचा.

हे त्यांनाही कळलं. चेहरा खुलला. "लो, लो रेकॉर्ड! मैं भी लूंगा!" त्यांनी खिशातून आपला मोठा फोन काढला, दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला आणि फोनमागून विचारलं, "काका, नाम शुं?"

आबांनी फोनकडे पाहिलं.

"काका! नाम!"

आबांनी कॉलर नीट केली.

"अरे काका, नाम बोलो नी!" आता ओरडणं असं होतं, की बाहेर चहावाल्यानंही मान वळवली. रांगेतली सगळी डोकी फिरली. आबांचं नाही. ते मला म्हणाले, "धर्मा, हाऊ मानूस मना फोटो काढी र्‍हायना का?" आणि फोटोसाठी हसले.

"अरे, तोंड दिसू दे ना त्याले!" कलाबाई ओरडल्या. त्यांचा नवरा कडोदऱ्याला लूमवर आहे.

मी म्हणालो, "भूपेंद्रभाई, फोन खाली घ्या आणि आवाज न काढता काहीतरी विचारा."

त्यांनी फोन उतरवला. नुसते ओठ हलवले. मला काही कळलं नाही.

"भेंडीनी भाजी," आबा म्हणाले. म्हणजे जेवणाचं विचारलं होतं.

भूपेंद्रभाई खिडकीतून पुढे झुकले. पुन्हा ओठ हलवले.

"नही, डबा घरथून लयेल शे."

चिठ्ठीवर शिक्का उमटला. बारा अठ्ठेचाळीस. "वीडियो डिलीट कर," ते हळूच म्हणाले.

"तुमचा करा आधी."

दोघांनीही केला नाही. आम्ही जिन्याकडे पळालो.

तिसऱ्या मजल्यावरचा माणूस सामान आवरत होता. चिठ्ठी बघून त्याने सुस्कारा सोडला, आबांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. "आवाज आया तो दबाना." त्याच्या तोंडाला मास्क होता. आबांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा ते वाक्य मी ओठांनी पुन्हा म्हटलं.

मग मला दुसरं काही सुचेना. मुलगा बाहेर उभा राहून काय मागतो? बापाला ऐकू येऊ दे. मी नेमकं उलटं मागत होतो. देवा, दाबू देऊ नको, दाबू देऊ नको.

"काय म्हनस रे?" आबा आतून मोठ्याने ओरडले. "दाबू का नको दाबू?"

मी तोंडावर हात ठेवला आणि भिंतीकडे वळलो. ही एकच जागा होती जिथं मी त्यांना काही सांगून चालणार नव्हतं.

बराच वेळ बटणाचा आवाज आला नाही. मग एकदा आला. नंतर नाहीच.

एकला तीन मिनिटं असताना कागद बाहेर आला. त्यावर ऐकण्याची एक रेघ थोडं सरळ चालून एकदम खाली गेली होती, दाखल्याला पुरेल एवढी. आबांनी कागद उजेडात धरला, जसं ते कापड धरायचे, आणि रेघ जिथं कोसळत होती तिथं नख ठेवलं.

"आठे, हाई जागावर, धागा तुटना," ते म्हणाले.

मी मान हलवली. तोंड त्यांच्याकडे करून.