रेनला गाडीचे दोन भाग होतात

मित्रांनो, मी एक जुना अकॉर्डियन आहे. अंगाचा लाल रंग दोन-चार ठिकाणी उडाला आहे आणि भात्याच्या एका कोपऱ्याला ठिगळ आहे. आवाज मात्र अजून खणखणीत आहे. हे मी स्वतःच सांगतो, कारण सांगायला आता दुसरे फारसे कुणी उरले नाही. माझ्यात एक मोठी खोट आहे. मला स्वतःहून श्वास घेता येत नाही. कुणीतरी भाता ओढावा, तेव्हा कुठे माझ्या तोंडून सूर निघतो. एरवी त्याचे मला काही वाटले नाही, पण रेन स्टेशनवर एका दुपारी ही खोट मला फार जाचली.

माझा जन्म त्यूल गावच्या एका कारखान्यात झाला. तिथे बायका दिवसभर पोलादाची बारीक पाती घासत आणि एकेक सूर जुळवत बसलेल्या असत. एमे लाकोंब नावाच्या तरुण सुताराने मला विकत घेतले, तेव्हा त्याच्या आईने कपाळाला हात लावला. पलंग घ्यायचा सोडून पोरगा बोंबलणारे खोके घेऊन आला, असे तिचे म्हणणे. पण त्या खोक्यानेच त्याचे लग्न जमवले. शनिवारी लिमोजच्या नाचघरात आम्ही वाजवत असू. तिथे गिलेन नावाची एक मुलगी यायची आणि आमच्यासमोरच खुर्ची टाकून बसायची. पुढे ती त्याची बायको झाली. नवऱ्याबरोबर नाचायला तिला आयुष्यभर मिळाले नाही, कारण नवरा कायम वाजवत होता.

मग दिवस फिरले. पोरांना दुसरेच संगीत हवेसे झाले. ती मला 'गरिबाचा पियानो' म्हणून नाके मुरडू लागली आणि मी कपाटावर जाऊन पडलो. उंदराने माझा कोपरा कुरतडला तो तेव्हाच. एमे निवृत्त झाला आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांना रविवारच्या दुपारी नाचण्याची हौस आली, तेव्हा मला पुन्हा खाली काढले. चहा, केक आणि वॉल्ट्झचा जोडीने करायचा नाच असा बेत असे. विधवा बायका एकमेकींचे हात धरून गोल फिरत. मी तर पुन्हा तरुण झालो.

एमे मात्र विसरू लागला. आधी चाव्या, मग शेजाऱ्यांची नावे, मग स्वतःच्या घराची गल्ली. बोटे तेवढी काही विसरली नाहीत. एमे आणि गिलेनची मुलगी सोलेन परिचारिका आहे. तिला पुढचे दिसत होते, म्हणून ती बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचे म्हणत होती. गिलेनने तिच्याकडून एक शेवटचा दौरा मागून घेतला. जिथून नाचाचे बोलावणे येईल त्या शहरी रेल्वेने जायचे, वाजवायचे आणि थंडी पडायच्या आत घरी परतायचे. बाबा एकदा जरी हरवले तर दौरा तिथेच संपला आणि मग आश्रमाला नाही म्हणायचे नाही, अशी सोलेनची अट होती. गिलेनने ती मान्य केली. त्या दिवसापासून तिला धड झोप लागली नाही.

तूर झाले, बोर्दो झाले, दिजों झाले. ज्या दिवसाबद्दल मी बोलतो आहे, त्या सकाळी आम्ही लीलहून निघालो होतो आणि संध्याकाळी कँपेरला पोहोचायचे होते. पॅरिसमध्ये एका स्टेशनावर उतरून मेट्रोने दुसरे स्टेशन गाठायचे होते. गिलेनच्या एका हातात दोन पिशव्या होत्या आणि दुसऱ्या हातात एमेची बाही. मी एमेच्या पाठीवर होतो. मला तो कधीच कुणाच्या हाती देत नसे. आपण कुठे चाललो आहोत, हे तो पुन्हा पुन्हा विचारत होता. सकाळी गिलेनने हसून उत्तरे दिली, दुपारी नुसते गावाचे नाव सांगितले. तिने घरून केलेला लोणी आणि हॅमचा पाव त्याने खाल्ला, तोंड पुसले आणि जेवण कधी आहे म्हणून विचारले. तिने खिडकीबाहेर पाहिले.

रेनला गाडी थांबली की अर्धा डबा फलाटावर उतरतो. चार झुरके मारल्याशिवाय आमच्या माणसांना पुढचा प्रवास गोड लागत नाही. याच स्टेशनवर गाडीचे दोन भाग होतात. पुढचा ब्रेस्तला जातो आणि मागचा कँपेरला. तशी घोषणाही होते, पण ती सगळ्यांना पाठ असते, म्हणून कुणी ऐकत नाही. आम्ही मागच्या भागात होतो. एमेने खिशातून सिगारेट काढली.

"तू पण चल ना," तो म्हणाला.

"पाय दुखतायत रे माझे. तू जा. दारासमोरच उभा राहा, लांब जाऊ नकोस," गिलेन म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

मित्रांनो, मी तिला दोष देत नाही. पण तिचे पाय दुखत नव्हते, हे मला ठाऊक होते.

एमेने एका सैनिकाकडून काडी मागितली. सैनिक बोलका निघाला. बोलत बोलत दोघे फलाटावर पुढे गेले. दोन गाड्यांची नाके जिथे एकमेकांना जोडलेली असतात, ती जागाही ओलांडली. शिटी झाली, सगळे धावले आणि एमे समोर दिसलेल्या दारातून आत चढला. मी त्याच्या पाठीवर ओरडण्यासाठी धडपडत होतो. पण पट्टा बंद, भाता बंद, तोंडून एक सूर फुटेना. आमच्या मागे गाडी सुटी झाली आणि आम्ही ब्रेस्तकडे निघालो.

एमे डब्यातून चालत एका खिडकीपाशी आला. तिथे गिलेन नव्हती. मांडीवर केकचा डबा घेतलेल्या एक लठ्ठ बाई बसल्या होत्या. सिगारेट ओढून आलो, माझी बायको कुठे गेली, असे त्याने त्यांनाच विचारले.

"सिगारेट ओढायला उतरलात आणि बायको हरवून आलात?" बाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांना सांगू नका बाबा. ते दुसऱ्याच दिवशी ओढायला लागतील."

आजूबाजूचे हसले. एमेही हसला, कारण सगळे हसत होते. मग त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि बाईंचे हसू मावळले. त्यांनी त्याला केक दिला, त्याने तो हातात नुसता धरून ठेवला. आज शनिवार आहे, लिमोजला नाच आहे, लोक खोळंबले असतील, असे काहीबाही तो बोलू लागला. एकाएकी उठून तो दाराकडे गेला आणि दोन्ही हातांनी दार ओढू लागला. बाहेर शेते भराभर मागे पळत होती. चालत्या गाडीत ते दार उघडत नाही, पण त्या क्षणी मला ते आठवले नाही. बाई केक टाकून धावल्या आणि त्यांनी माझा पट्टा घट्ट पकडला. आम्हा दोघांना त्यांनी जागेवर आणून बसवले.

तेवढ्यात तिकीट तपासणारी मुलगी आली. मागच्या भागात एमे चढलाच नाही, हे गिलेनला केव्हाच कळून चुकले होते. तिने तिकडच्या तपासनिसाला सांगितले, त्याने इकडे फोन केला, आणि पाठीवर लाल अकॉर्डियन असलेले आजोबा सापडले. आम्हाला सँ-ब्रियोला उतरवले. एमेला एका बाकावर बसवून स्टेशनातल्या एका बाईने त्याच्याजवळ कॉफी आणून ठेवली. त्याने मला मांडीवर घेतले आणि माझ्याभोवती हात टाकले. वाजवले मात्र नाही.

गिलेन तिच्या वाटेवरच्या रेदों स्टेशनला उतरली, रेनला परत गेली आणि तिथून सँ-ब्रियोची गाडी पकडून आली, तोवर दिवे लागले होते. ती जवळजवळ पळतच आली आणि एमेच्या शेजारी बसू लागली. त्याने जागेवर हात ठेवला.

"बाई, इथे नका बसू. ही जागा माझ्या बायकोची आहे. ती येतेच आहे."

गिलेन उभीच राहिली. मग म्हणाली, "ती आली की उठेन मी."

"रागीट आहे हं ती."

"असू दे. मी समजूत घालीन तिची."

त्याने हात काढला. ती बसली. मग एमे अगदी हळू आवाजात, परक्या माणसाला सांगावे तसे बोलला.

"मी तिला म्हटलं होतं, चल म्हणून. पाय दुखतात म्हणाली. पाय नव्हते हो दुखत. कंटाळली होती मला."

गिलेनच्या डोळ्यांना धार लागली. "हो," ती म्हणाली, "फार कंटाळली होती."

"कंटाळणारच," एमे म्हणाला, आणि त्याने खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे धरला.

तिने तिथूनच सोलेनला फोन लावला. काहीही लपवले नाही. गाडी उशिरा आली, असे एक वाक्य पुरले असते, पण ते ती बोलली नाही.

"जागा बघ, सोलेन," ती म्हणाली. "पण दोघांची बघ."

"आई, तू ठणठणीत आहेस. तू कशाला जातेस तिथे?"

"त्याच्यावर नजर ठेवायला दुसरं कुणीतरी असेल ना, म्हणून. मग मला नुसती त्याची बायको होता येईल. किती दिवस झाले ग, मी त्याची पहारेकरीणच झालेय."

कँपेरचा नाच झालाच नाही. आता आम्ही तिघे लिमोजच्या बाहेर एका आश्रमाच्या खोलीत असतो. काही दिवशी एमे मला उघडतो आणि हॉलमधले म्हातारे डोलतात. काही दिवशी तो माझ्याकडे बघून हे कसले खोके म्हणून विचारतो. तेव्हा मला फार वाईट वाटते, मी खोटे सांगणार नाही. पण गिलेन आता रात्रभर झोपते आणि सकाळी तो कितीही वेळा तेच विचारो, ती हसून उत्तर देते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वाद्याची धूळ झटका, भाता ओला होऊ देऊ नका, हे मी सांगेनच. पण त्याहून मोठी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणी विसरायला लागले असेल, तर त्याला सांभाळणाऱ्या माणसाकडेही जरा बघा. ते माणूस कधीतरी म्हणेल, माझे पाय दुखतात. खरे की खोटे, ते विचारू नका. त्याला डोळे मिटून खुशाल बसू द्या आणि तेवढा वेळ फलाटावर तुम्ही उतरा.